रस्ता नव्हता म्हणून वाचलेली गावं : चीनमधल्या 'वॉटर टाऊन्स'ची गोष्ट

साल होतं १९८४. न्यूयॉर्कच्या हॅमर गॅलरीत चेन यीफेई या चिनी चित्रकाराचं प्रदर्शन भरलं होतं. त्यातल्या एका चित्रात अरुंद कालव्यावरचे दोन जुने दगडी पूल होते. एक गोल कमानीचा, दुसरा सपाट आणि दोन्ही एकमेकांना काटकोनात खेटून उभे. चित्राचं नाव होतं 'गावाची आठवण'. गॅलरीचे मालक आणि तेल उद्योजक आर्मंड हॅमर यांनी ते चित्र विकत घेतलं. पुढे ते चीनच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा त्यांनी ते थेट डेंग झियाओपिंग यांना भेट दिलं.

चित्रातलं ते ठिकाण म्हणजे झोऊझुआंग. गंमत म्हणजे हे चेन यांचं स्वतःचं गाव नव्हतंच, त्यांचा जन्म निंगबोचा. शांघायपासून झोऊझुआंग साधारण ६० ते ७० किलोमीटरवर. पण गाव चारी बाजूंनी पाण्याने वेढलेलं, जायला धड रस्ता नाही, ये-जा मुख्यतः होडीने. त्यामुळे खुद्द चीनमध्येही फार कमी लोकांना हे नाव माहीत होतं.

आज त्याच दोन पुलांवर फोटो काढायला रांग लागते. कालव्यात पडलेलं लाल कंदिलांचं प्रतिबिंब, काळ्या कौलांची पांढरी घरं, होडी वल्हवणाऱ्या बायका, हे सगळं तुमच्या फीडमध्येही कधीतरी येऊन गेलं असेल. खाली कॅप्शन ठरलेली असते, 'पूर्वेचं व्हेनिस'.

पण ही गावं पाण्यावर का वसली, इतकी श्रीमंत कशी झाली, मध्येच विसरली कशी गेली आणि आता त्यांना नेमका धोका कसला आहे, हे कॅप्शनमध्ये मावत नाही. तेच समजून घेऊया.

ही गावं नेमकी आहेत कुठे?

चीनमधल्या यांगत्से नदीच्या खालच्या टप्प्यात, नदीच्या दक्षिणेला जो सुपीक पट्टा आहे त्याला 'जियांगनान' म्हणतात. शब्दाचा अर्थच 'नदीच्या दक्षिणेचा प्रदेश'. सुझोऊ, हांगझोऊ, हूझोऊ, जियाशिंग ही शहरं आणि आजचं शांघाय याच भागात येतात. मधोमध ताईहू हा अवाढव्य तलाव आहे. क्षेत्रफळ २,००० चौरस किलोमीटरपेक्षा जास्त, पण सरासरी खोली जेमतेम दोन मीटर. म्हणजे पाणी खूप पसरलेलं, पण उथळ.

अशा सखल जमिनीवर शेती करायची तर आधी पाण्याला वाट करून द्यावी लागते. लोकांनी कालवे खोदले, खोदलेल्या मातीचे बांध घातले आणि बांधाच्या आतली जमीन भातासाठी तयार केली. पाण्याचा निचरा करणारे हेच कालवे मग वाहतुकीचे मार्ग झाले. दोन-तीन कालवे जिथे एकत्र येतात तिथे बाजार भरायला लागला आणि बाजाराच्या ठिकाणी गाव उभं राहिलं.

अशी लहान-मोठी गावं या भागात बरीच आहेत. त्यांपैकी झोऊझुआंग, तोंगली, लूझी, वूझेन, शीतांग आणि नानशून ही सहा सर्वांत प्रसिद्ध. पहिली तीन जियांगसू प्रांतात, पुढची तीन झेजियांग प्रांतात. शांघायच्या हद्दीत येणारं झूजियाजियाओ हेही याच माळेतलं.

दारात रस्ता, परसात नदी

या गावांची रचना एकदा समजली की फोटोतल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ लागतो.

इथल्या घरांना दोन तोंडं असतात. पुढचं दार दगडी फरशीच्या गल्लीत उघडतं आणि मागचं थेट कालव्यावर. माणसं पुढून यायची, माल मागून. मागच्या दारापासून दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. याच पायऱ्यांवर होडीतून भाजी, तांदूळ, सरपण उतरायचं. तिथेच धुणं धुतलं जायचं, भांडी घासली जायची. काठाच्या भिंतीत भोक पाडलेले दगड दिसतात, ते होडीचा दोर बांधायला.

पूल मध्येच इतके उंच का, हा प्रश्न अनेकांना पडतो. कारण खालून मालाने भरलेल्या होड्या जायच्या. माणसाला चार पायऱ्या जास्त चढाव्या लागल्या तरी चालेल, पण होडी अडता कामा नये.

दोन घरांमध्ये छतापेक्षा उंच, पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती दिसतात. दिसायला त्या देखण्या आहेत, पण त्यांचं काम आगीला अडवायचं. लाकडी घरं एकमेकांना चिकटून असल्यामुळे एका घराला लागलेली आग शेजारी पोहोचू नये म्हणून ही सोय.

श्रीमंतांची घरं आपल्याकडच्या वाड्यांसारखी चौकांची. एका चौकामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. झोऊझुआंगमधलं १७४२ साली बांधलेलं शेन घराण्याचं घर हे याचं उत्तम उदाहरण. त्यात सुमारे १०० खोल्या आहेत. याच गावातलं झांग घराण्याचं घर त्याहून जुनं, पंधराव्या शतकातलं. त्याच्या आवारातून एक ओढा वाहतो. म्हणजे पालखी पुढच्या दारातून यायची आणि होडी घराच्या आतून जायची.

एवढा पैसा आला कुठून?

याचं उत्तर तीन शब्दांत देता येतं. तांदूळ, रेशीम आणि कालवा.

इ.स. ६१० च्या सुमारास, सुई राजघराण्याच्या काळात, जियांगनानमधला कालवा उत्तरेकडच्या कालव्यांना जोडला गेला. पुढे हाच जलमार्ग 'ग्रँड कॅनाल' म्हणून ओळखला गेला. आज बीजिंग ते हांगझोऊ ही त्याची लांबी सुमारे १,८०० किलोमीटर भरते. उत्तरेत राजधानी आणि सैन्य होतं, दक्षिणेत धान्य. दक्षिणेचा तांदूळ वर्षानुवर्षं याच कालव्याने उत्तरेकडे गेला.

तांदळाच्या जोडीला आलं रेशीम. बांधांवर तुतीची झाडं, घरात रेशमाचे किडे आणि कालव्याच्या पाण्यात शिजवलेले कोश. मिंग आणि चिंग राजघराण्यांच्या काळात, म्हणजे १३६८ ते १९१२ या साडेपाचशे वर्षांत, या भागाचं रेशीम आणि कापड देशभर गेलं. आज दिसणारी बहुतेक जुनी घरं याच काळातली.

१८४२ मध्ये पहिलं अफू युद्ध संपलं आणि शांघाय बंदर परदेशी व्यापाऱ्यांसाठी खुलं करावं लागलं. ज्या अफूवरून हे युद्ध पेटलं ती भारतातूनच, कोलकाता आणि मुंबई या बंदरांतून चीनला जात होती. चीनकडून जगभर जायचं ते प्रामुख्याने चहा आणि रेशीम. शांघाय उघडलं आणि कालव्याने त्याच्याशी जोडलेल्या नानशूनचं नशीब फळफळलं. जवळच्या जीली भागातलं रेशीम थेट युरोपच्या बाजारात जाऊ लागलं.

नानशूनमध्ये श्रीमंतांच्या पायऱ्याच ठरल्या होत्या. सर्वांत श्रीमंत घराणी म्हणजे 'हत्ती', त्याखालची 'बैल' आणि त्याखालची 'कुत्रे'. गावात चार हत्ती, आठ बैल आणि बहात्तर सोनेरी कुत्रे आहेत, असं लोक म्हणायचे.

सात गावं, सात ओळखी

रील्समध्ये ही सगळी गावं सारखी दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येकाची ओळख वेगळी आहे.

झोऊझुआंग. इ.स. १०८६ मध्ये झोऊ नावाच्या जमीनदाराने आपली जमीन बौद्ध मंदिराला दान दिली आणि त्याच्या नावावरून गावाला नाव मिळालं, असं सांगतात. गावाचा सर्वांत गाजलेला माणूस म्हणजे चौदाव्या शतकातला धनाढ्य व्यापारी शेन वानसान. त्याने नानजिंग शहराच्या तटबंदीचा एक तृतीयांश खर्च उचलला, पण त्याची श्रीमंती मिंग सम्राटाच्या डोळ्यांवर आली आणि त्याला दूर युन्नानला हद्दपार व्हावं लागलं, अशी आख्यायिका आहे. इथला प्रसिद्ध पदार्थ, डुकराच्या मांडीचं मंद आचेवर शिजवलेलं मांस, याच वानसानच्या नावाने विकला जातो. त्याचीही गोष्ट आहे. सम्राटाचं आडनाव 'झू' आणि चिनी भाषेत डुकराला म्हणतात तेही 'झू'. मग सम्राटासमोर या 'झू'वर सुरी चालवायची कशी? वानसानने म्हणे मांसातलंच हाड उपसलं आणि त्यानेच तुकडे केले. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण मान वाचली.

तोंगली. इथली 'तुईसी' बाग युनेस्कोच्या यादीत आहे. १८८५ मध्ये पदावरून काढून टाकलेल्या रेन लानशेंग या अधिकाऱ्याने गावी परतून ती बांधली. बागेच्या नावाचा अर्थ, मागे हटून आपल्या चुकांचा विचार करणं. साधारण दीड एकराच्या जागेत तळं, मंडप, खडक, पूल असं सगळं बसवलंय. मंडप पाण्याच्या इतके जवळ आहेत की ते तरंगत असल्यासारखे वाटतात. याच गावात ताईपिंग, जीली आणि चांगचिंग असे तीन छोटे पूल आहेत. लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीने हे तीनही पूल ओलांडायची इथली रीत आहे. नावांतच शांती, सुदैव आणि आनंदाचा आशीर्वाद आहे.

लूझी. इथलं बाओशेंग मंदिर सहाव्या शतकात स्थापन झालं. त्यात मातीच्या भव्य 'लोहान' मूर्ती आहेत. लोहान हा शब्द आपल्याला परक्या वेषात भेटतो, कारण तो मूळचा 'अर्हत'. एकूण १८ मूर्तींपैकी ९ वाचल्या. १९२० च्या दशकात मंदिराची पडझड झाली, तेव्हा गू जिएगांग या इतिहासकाराने लेख लिहून त्यांच्याकडे देशाचं लक्ष वेधलं. इथल्या बायकांचा पारंपरिक पोशाख, म्हणजे डोक्याचा रुमाल आणि तुकडे जोडून शिवलेली बंडी, २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेला.

वूझेन. आधुनिक चिनी साहित्यातलं मोठं नाव, माओ दुन, यांचा जन्म १८९६ मध्ये इथलाच. चीनचा महत्त्वाचा कादंबरी पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. निळ्या-पांढऱ्या छपाईचं सुती कापड ही गावाची जुनी ओळख. नवी ओळख अगदी वेगळी आहे. २०१३ पासून इथे नाट्यमहोत्सव होतो आणि २०१४ पासून 'वर्ल्ड इंटरनेट कॉन्फरन्स' भरते.

शीतांग. या गावाची खूण म्हणजे नदीकाठच्या वाटेवरचं छप्पर. एक किलोमीटरहून लांब अशा या छपराखालून पावसातही न भिजता बाजार करता येतो. हॉलिवूडच्या 'मिशन इम्पॉसिबल ३' (२००६) मध्ये टॉम क्रूझ ज्या गावातून धावतो, ते हेच.

नानशून. इथे चिनी वाड्यात शिरावं आणि आत युरोप दिसावा, असा प्रकार आहे. रेशीम व्यापारी झांग शिमिंग यांच्या घरात फ्रान्सहून आणलेल्या फरश्या आणि चक्क बॉलरूम आहे. 'हत्ती' घराण्यांपैकी लिऊ घराण्याच्या लिऊ चेंगगान यांनी मात्र पैसा पुस्तकांवर खर्च केला. १९२० ते १९२४ या काळात त्यांनी 'जियायेतांग' हे खासगी ग्रंथालय बांधलं. १९५१ मध्ये ते झेजियांग प्रांताच्या ग्रंथालयाकडे सोपवलं गेलं.

झूजियाजियाओ. इथला पाच कमानींचा फांगशेंग पूल सुमारे ७० मीटर लांब आहे. तो मूळ १५७१ सालचा, आज दिसतो तो १८१२ मध्ये पुन्हा बांधलेला. नावाचा अर्थ 'जीव सोडून देणं'. पुण्य मिळावं म्हणून लोक इथे जिवंत मासे पाण्यात सोडतात. २०१७ च्या अखेरीपासून शांघायची मेट्रो थेट या गावापर्यंत जाते.

मग ही गावं विसरली कशी गेली?

ज्या पाण्याने ही गावं श्रीमंत केली, त्याच पाण्याने ती मागे पडली. विसाव्या शतकात रेल्वे आली, मोटार आली. व्यापार शांघायकडे सरकला. १९३० च्या आसपास जागतिक मंदी आली आणि रेशमाचे भाव कोसळले. माओ दुन यांच्या १९३२ मधल्या दोन प्रसिद्ध कथांमध्ये हाच काळ आहे. एकीत कर्जात बुडणारं रेशीम शेतकऱ्याचं कुटुंब आहे, दुसरीत बंद पडणारं छोट्या गावातलं दुकान. नंतर जपानशी युद्ध, यादवी आणि १९४९ ची क्रांती. मोठे वाडे अनेक कुटुंबांत वाटले गेले. दुरुस्तीला पैसा नव्हता आणि पाडून नवं बांधायलाही नव्हता.

१९८० च्या दशकात चित्र पालटलं. आर्थिक सुधारणा सुरू झाल्या आणि सुझोऊच्या आसपास गावोगावी कारखाने उभे राहू लागले. हातात पैसा येताच गावांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कालवे बुजवून रस्ते केले आणि जुनी घरं पाडून सिमेंटच्या इमारती बांधल्या. स्थानिक नेत्यांच्या नजरेत जुनं घर म्हणजे मागासलेपण होतं. जिथे रस्ता लवकर पोहोचला, ती गावं आधी गेली. झोऊझुआंगसारखी आडबाजूची गावं वाचली, कारण विकासाला तिथे पोहोचायला वेळ लागला.

'आधी आराखडा, मग बुलडोझर'

हा वेळ कामी आणणारा माणूस म्हणजे रुआन यीसान. शांघायच्या तोंगजी विद्यापीठात ते नगररचना शिकवायचे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी उत्तरेकडच्या पिंगयाओ या तटबंदीच्या शहराची पाडापाडी थांबवण्यासाठी धडपड केली होती. तेच पिंगयाओ १९९७ मध्ये जागतिक वारसा ठरलं.

रुआन विद्यार्थ्यांना घेऊन जियांगनानच्या गावांत फिरले, घरांची मोजमापं घेतली आणि संरक्षणाचे आराखडे फुकट करून देण्याची तयारी दाखवली. अनेक ठिकाणी त्यांना दाद मिळाली नाही. ज्यांनी ऐकलं, त्यांत झोऊझुआंग होतं.

त्यांचं सूत्र साधं होतं. जुनं गाव आहे तसं राखा. कारखाने, शाळा, नव्या इमारती, रुंद रस्ते हे सगळं शेजारच्या मोकळ्या जागेत करा. म्हणजे गावाला विकासही मिळेल आणि जुनी घरंही राहतील. दुरुस्ती करताना त्याच पद्धतीने, त्याच साहित्याने करा, चकचकीत नवं काही करू नका. या सूत्रात पर्यटन होतं, पण ते शेवटी. आधी संरक्षण, मग नवी वस्ती, मग अर्थकारण आणि मग पर्यटन.

२००३ मध्ये या गावांच्या संवर्धनाच्या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी चीन सरकारने 'ऐतिहासिक-सांस्कृतिक गावां'ची पहिली यादी जाहीर केली. त्यात झोऊझुआंग, तोंगली, लूझी, शीतांग आणि वूझेन ही पाचही नावं होती. नानशून पुढच्या यादीत आलं.

ही गावं 'जागतिक वारसा' आहेत का?

अनेक पोस्टमध्ये सरसकट तसं लिहिलेलं असतं. ते पूर्ण खरं नाही.

तोंगलीची तुईसी बाग जागतिक वारसा आहे, पण ती 'सुझोऊच्या अभिजात बागा' या गटाचा भाग म्हणून. हा गट १९९७ मध्ये यादीत आला आणि २००० मध्ये वाढवला गेला तेव्हा तुईसीचा समावेश झाला. नानशूनही यादीत आहे, पण २०१४ मध्ये नोंदवलेल्या ग्रँड कॅनालचा भाग म्हणून. जियांगनानच्या पाणगावांचा स्वतंत्र गट म्हणून जो प्रस्ताव आहे, तो २००८ पासून चीनच्या संभाव्य यादीत आहे. म्हणजे अंतिम यादीच्या आधीची पायरी.

इमारतींपलीकडचा वारसा मात्र आधीच यादीत पोहोचलाय. झोऊझुआंग ज्या कुनशान शहराच्या हद्दीत येतं, तिथे उगम पावलेलं कुनछू हे संगीतनाट्य २००१ मध्ये युनेस्कोने गौरवलं. चीनचं रेशीम उत्पादन आणि लाकडी चौकटींच्या इमारतींचं पारंपरिक बांधकाम ही दोन्ही कौशल्यं २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत आली. त्यांचे अनेक कारागीर याच पट्ट्यातले.

वूझेनचा प्रयोग आणि खरा वाद

आता सगळ्यात अवघड प्रश्न. गाव वाचवायचं म्हणजे नेमकं काय वाचवायचं?

१९९९ मध्ये वूझेनच्या पश्चिम भागात आग लागली. त्यानंतर गावाच्या जीर्णोद्धाराचं मोठं काम हाती घेतलं गेलं. पूर्व भाग २००१ मध्ये पर्यटकांसाठी खुला झाला. तिथे रहिवासी घरातच राहिले. त्यामुळे दारोदारी दुकानं झाली, स्पर्धा वाढली आणि गल्ल्या गजबजल्या.

पश्चिम भागात, म्हणजे 'शीझा'मध्ये, वेगळा मार्ग निवडला गेला. पर्यटन कंपनीने मोबदला देऊन रहिवाशांना बाहेर हलवलं. मग सगळी घरं दुरुस्त केली, विजेच्या तारा आणि पाइप जमिनीखाली घातले, आधुनिक न्हाणीघरं केली, विसंगत इमारती काढल्या. २००७ मध्ये शीझा खुलं झालं. काही जुने रहिवासी परत आले, पण घरमालक म्हणून नाही. कंपनीच्या घरात पाहुण्यांची सोय पाहणारे यजमान म्हणून.

पर्यटकाच्या नजरेतून शीझा जवळपास निर्दोष आहे. स्वच्छ, शांत, रात्री दिव्यांत उजळलेलं. समर्थक सांगतात की याच पैशातून शेकडो जुन्या इमारती उभ्या आहेत, गावात नाटकं होतात, तरुणांना काम मिळतं. टीकाकार म्हणतात की तिकीट काढून आत जायचं आणि आत कुणाचंच घर नाही, तर ते गाव कसलं? तो एक सुंदर सेट झाला.

हा वाद पुढे आणखी ताणला गेला. वूझेन घडवणाऱ्या टीमनेच बीजिंगजवळ, चीनच्या भिंतीच्या सिमाताई भागाच्या पायथ्याशी, 'गूबेई वॉटर टाऊन' उभं केलं. यांगत्सेपासून हजारभर किलोमीटर दूर, नव्याने बांधलेलं जुनं गाव! तेही लोकप्रिय झालं. मग खऱ्या आणि बांधलेल्या गावात फरक काय राहिला, हा प्रश्न चीनमध्येच विचारला जाऊ लागला.

दुसऱ्या टोकाला तोंगली आणि शीतांग आहेत. तिथे जुन्या भागात अजूनही लोक राहतात. सकाळी कुणीतरी पायऱ्यांवर बसून भाजी धुतं, म्हातारी माणसं चहा पीत बसतात. पण तिथेही अडचणी आहेतच. जुनी लाकडी घरं दमट असतात, नळ-गटाराची सोय बेताची आणि दुरुस्ती महाग. तरुण मंडळी सुझोऊ-शांघायला जातात. घर बाहेरच्या दुकानदाराला भाड्याने दिलं की जास्त पैसे मिळतात. मग एकेका गल्लीत तेच पंखे, तेच रेशमी रुमाल, तीच तळलेली टोफू. इथे कंपनीने कुणाला हलवलेलं नाही, तरी गाव हळूहळू रिकामं होत जातं.

आणि पाण्याचं काय?

या सगळ्यात एक गोष्ट सहज विसरली जाते. वॉटर टाऊनमधलं वॉटर.

हे कालवे सुटे नाहीत, ते ताईहू तलाव आणि नद्यांच्या एकाच जाळ्यात आहेत. कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी, शेतातली खतं या जाळ्यात उतरली. मे २००७ मध्ये ताईहूवर हिरव्या शेवाळाचा इतका जाड थर आला की काठावरच्या वूशी शहराचं नळाचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही. सुमारे २० लाख लोकांना त्याची झळ बसली. त्यानंतर या खोऱ्यात सांडपाणी प्रक्रिया आणि कारखान्यांवरचे निर्बंध यांवर मोठा खर्च झाला.

गावाच्या हद्दीत कितीही सुंदर दुरुस्ती केली, तरी पाणी वरच्या बाजूने येतं. म्हणून गावाचा वारसा जपायचा तर अख्ख्या खोऱ्याचा विचार करावा लागतो.

जायचंच असेल तर?

एका गावात सगळं पाहू म्हणण्यापेक्षा काय पाहायचंय ते आधी ठरवावं. बाग पाहायची तर तोंगली. नाटक आणि रात्रीचा मुक्काम हवा तर वूझेन. व्यापाऱ्यांचे वाडे आणि ग्रंथालय हवं तर नानशून. शांघायमध्ये एकच दिवस असेल तर मेट्रोने झूजियाजियाओ. तिथे गावात फिरायला तिकीट नाही, फक्त ठरावीक वास्तूंना आहे.

१ ऑक्टोबरपासूनची राष्ट्रीय सुट्टी आणि चिनी नववर्षाचा आठवडा टाळावा, पुलावर उभं राहायलाही जागा नसते. शक्य असेल तर गावातच मुक्काम करावा. दिवसाची गर्दी संध्याकाळी शहराकडे परतते आणि सकाळी आठच्या आत गाव आपल्या माणसांचं असतं.

त्या वेळी झोऊझुआंगच्या त्या दोन पुलांवर गेलात, तर चेन यीफेईंनी रंगवलं होतं जवळपास तसंच दृश्य दिसेल. पूल चारशे वर्षं जुने आहेत, ते टिकतील. खालच्या पायऱ्यांवर सकाळी कुणी भाजी धुवायला येतं का, तेवढं मात्र बघा.